ही उचल नव्हे, पोरी

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी वीस वर्षांची, बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरची. सध्या पुण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जातात. घरात दहावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच. अनुसूचित जातीची असल्यामुळे पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मंजूर आहे, आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वाधार योजनाही. गेल्या वर्षी खात्यात दोनदा पैसे आले. त्यातले 35,000 तिनं वडिलांच्या अंगावरची बाकी फेडायला घरी पाठवले. यंदाचं अजून काहीच आलेलं नाही. ती कॉट बेसिसवर राहते आणि संध्याकाळी 5 ते रात्री 11 एका किराणा गोदामात पॅकिंग करते. महिन्याचे 9,000 मिळतात, त्यातले 2,000 घरी जातात. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेत. फी भरल्याशिवाय हॉल तिकीट नाही, असं ऑफिसात सांगतात. "सरकारनं माझ्यावर एवढे पैसे घातले आणि मी नापास झाले. ते फेडायचे कसे? कॉलेज सोडून पूर्णवेळ कामाला लागू, की मुक्त विद्यापीठातून करू? रूममेटना सांगितलंय की माझे वडील साखर कारखान्यात आहेत. ताई, नाव छापू नका."

पोरी,

नाव छापत नाही. पण ते कारखान्याचं वाक्य वाचून मला आधी हसू आलं आणि मग हसू आल्याचं वाईट वाटलं. त्याच्याकडे नंतर येते. आधी पैशाचं बघू, कारण हॉल तिकिटाला दिवस थोडे आहेत.

मी बरीच वर्षं एका कॉलेजात शिकवलं, त्यातली सहा वर्षं शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे काढली. त्यामुळे तुझ्या पत्रातल्या एका ओळीशी माझं बोट थांबलं. तू लिहितेस, "ऑफिसातले सर म्हणाले, तुझे पैसे तुझ्याच खात्यात आलेत, ते भर. पण मला तर दोन्ही वेळा स्वाधारचेच आले असं वाटलं." माझा अंदाज असा की दोन्ही स्वाधारचे नव्हते. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा. केंद्राचा वाटा 2021-22 पासून थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजच्या फीचाही भाग असतो. तो आपल्या खात्यातून कॉलेजला नेऊन भरायचा असतो. हे कुणीतरी वर्गात उभं राहून सांगायला हवं. सांगत नाहीत. नोटीस लागते, ती ऑफिसच्या भाषेत असते, आणि बँकेचा मेसेज वडिलांच्या मोबाइलवर जातो, कारण खातं उघडताना तोच नंबर दिला होता. तुला दिसते फक्त शिल्लक. शिल्लक पाहिली आणि वडिलांची बाकी आठवली, एवढाच तुझा गुन्हा.

म्हणून पहिलं काम पासबुक भरून आणण्याचं. मशीनमध्ये घालून छापून घे, गेल्या वर्षीपासूनचं. प्रत्येक जमेच्या नोंदीपुढे तारीख आणि काही अक्षरं असतात. मग महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, लॉगिन करून शिष्यवृत्तीचे किती मंजूर झाले ते बघ, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पेन्सिलनं जुळव. जुळलं नाही तर ऑफिसातल्या त्याच सरांकडे जा आणि विचार, "यातली फीची नोंद कोणती?" फी का भरली नाही, याचा खुलासा आधीच देत बसू नकोस. आपल्याकडची मुलं खिडकीवर गेली की प्रश्न विचारायच्या आधी माफी मागतात. मी ते सहा वर्षं बघितलंय.

समजा नोंद फीचीच निघाली. मग कॉलेजचं देणं खरंच आहे आणि ते तुला भरावं लागेल. ते काही मी गोड करून सांगणार नाही. पण एकरकमी भरलं पाहिजे असं नाही. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिही: अमुक रक्कम खात्यात आली, ती फीची आहे हे माहीत नव्हतं, घरी खर्च झाली, दरमहा इतके भरते, परीक्षेला बसू द्यावं. अर्जाच्या दोन प्रती कर, एकीवर शिक्का मारून पोच घे. तोंडी बोलणं हवेत जातं. पोच असलेला कागद मात्र कुणाच्या तरी फाइलला लागतो आणि त्याचं उत्तर द्यावं लागतं. उलट, अडलेला भाग सरकारकडूनच यायचा असेल तर अर्जात तेवढंच लिही. मंजूर शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला म्हणून मुलांची परीक्षा अडवू नये, अशा सूचना कॉलेजांना वेळोवेळी गेलेल्या आहेत. कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी असतात, समान संधी केंद्र असतं. आणि 2023 च्या यूजीसीच्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल. समितीपर्यंत जायची वेळ बहुतेक येणार नाही. पण तिचं नाव माहीत असलं की खिडकीवरचा आवाज खाली येतो, हेही मी पाहिलंय, खिडकीच्या आतून.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे. "फेडायचे कसे?"

हा शब्द तुझ्या पत्रात चार वेळा आलाय. मला वाटतं तो कॉलेजातून आलेला नाही, घरून आलाय. तुझ्या वडिलांना आयुष्यात एकरकमी पैसा एकाच वाटेनं मिळाला: ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल. हंगामाच्या आधी मोठी रक्कम हातात पडते, मग नवराबायको मिळून एक कोयता, सहा महिने उसाच्या फडात, आणि खाडा झाला, म्हणजे एखादा दिवस काम चुकलं, की त्याचेही पैसे अंगावर. हंगाम संपून पट्टा पडला तरी बाकी उरतेच आणि पुढच्या हंगामाला जाते. ज्या घरानं पैसा असा पाहिला त्या घरातली मुलगी खात्यात 30,000 पडलेले पाहते तेव्हा तिच्या मनात आपसूक येतं: घेतले, आता अंगावर आले. दोन विषय राहिले म्हणजे खाडा झाला. कॉलेज सोडायचा तुझा विचारही त्यातलाच आहे. उचल फिटत नाही म्हणून टोळी सोडून पळून जाणाऱ्यासारखा.

शिष्यवृत्ती ही उचल नव्हे. बाबासाहेबांना 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंडांची. तिच्याबरोबर दहा वर्षं संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. म्हणजे त्यांच्या अंगावर खरोखरच काहीतरी होतं. तुझी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाच्या काळात. तिच्यात चाकरीचा करार नाही. आपण स्वतः ज्या अटीवर शिकलो ती अट पुढच्या पोरांवर नको, असं त्यांच्या मनात आलं असेल का, हा माझा आपला विचार. त्याला पुरावा नाही. घटनेच्या कलम 46 मध्ये मात्र दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शिक्षणाची काळजी घेणं हे राज्याचं काम आहे असं सरळ लिहिलंय. पैसे देणारा तुझा मुकादम नाही, पोरी.

मग हे पैसे कशाचे? स्वाधारचा हिशेब तुझ्यासमोर मांडते. पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000: भोजनाचे 32,000, राहण्याचे 20,000, निर्वाहाचे 8,000. म्हणजे महिना 5,000. तुझी कॉट 3,500 ची आणि मेस 3,000 ची. खाणं आणि झोपणं हे या पैशानं जवळजवळ भागावं, उरलं थोडं कुठूनतरी उभं करावं, आणि दिवस अभ्यासाला मोकळा राहावा, असा त्या आकड्यांचा अर्थ आहे. सरकारनं तुला रक्कम दिली असं तू म्हणतेस. मी म्हणते तास दिले.

आणि ते तास तू विकतेस. महिन्याला 26 दिवस, रोज 6 तास म्हणजे 156 तास, त्याचे 9,000. तासाला 58 रुपयेसुद्धा पडत नाहीत. रात्री साडेअकराला खोलीवर येऊन डेटा स्ट्रक्चर कुणाच्या डोक्यात शिरणार? दोन विषय राहिले याचं मला काही नवल वाटत नाही. दोनच राहिले याचं वाटतं. आणि एटीकेटी म्हणजे नापास नव्हे. वर्ग पुढे सरकलाय, ते दोन विषय परत द्यायचेत. तू स्वतःला जी शिक्षा ठोठावते आहेस ती विद्यापीठानंही ठोठावलेली नाही.

मी गोदाम उद्या सोड म्हणत नाही. यंदाचा हप्ता आलेला नाही, आणि तो उशिरा येणार, कदाचित परीक्षेनंतर, हे आपण धरून चालू. पण परीक्षेपर्यंत शिफ्ट तीन तासांची होते का, निदान आठवड्यातून तीन दिवसांची होते का, हे विचारून तर बघ. आणि कॉलेजात कमवा व शिका योजनेची चौकशी कर. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयात नोंदी करणं, बागेत पाणी घालणं असली कामं असतात, दिवसाला दोन-तीन तास, कॉलेजच्याच आवारात. पैसे गोदामापेक्षा कमी मिळतील. पण रात्रीचा बसप्रवास वाचेल, आणि परीक्षेच्या आठवड्यात काम थांबवलं तर कुणी खाडा लावणार नाही. या कामात कमीपणा वाटत असेल तर एवढंच सांगते: कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेव्हा तिथली पोरं शेतात आणि बांधकामावर राबून शिकत होती. कॉलेजच्या भिंतींचे दगड त्यांच्या हातचे. त्यांतल्या कितीतरी जणांच्या नावापुढे पुढे 'साहेब' लागलं.

राहण्याचंही पुन्हा एकदा बघ. सरकारी वसतिगृहात वर्षाच्या मध्ये जागा रिकाम्या होतात, त्यासाठी गृहपालांना प्रत्यक्ष जाऊन भेटावं लागतं. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती 1955 पासून खेड्यातल्या गरीब मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. खर्च कमी, शिस्त कडक, कामं वाटून. शिस्तीला नाकं मुरडणाऱ्या मुली मला माहीत आहेत. तिथून बाहेर पडताना रडणाऱ्याही त्याच.

मुक्त विद्यापीठ ही काही वाईट वाट नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं नोकरी करणाऱ्या, संसारात अडकलेल्या लाखो लोकांना पदवी दिली. ज्यांना तास मोकळे मिळूच शकत नाहीत त्यांच्यासाठी ती आहे. तुला ते मिळालेत. कॉलेज सोडलंस की स्वाधार थांबेल, कारण ती नियमित शिकणाऱ्यांसाठी आहे, आणि मग पूर्णवेळ गोदाम आणि रविवारी पुस्तक एवढंच उरेल. आणखी एक: मध्ये खंड पडला की पुढे प्रत्येक अर्जाला तो खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र जोडत बसावं लागतं. माझं मत विचारलंस तर आत्ता नाही. तिसरं वर्ष नियमित पूर्ण करून, पुढचं काही शिकताना नोकरी सांभाळायची असेल, तेव्हा मुक्त विद्यापीठाचा विचार जरूर कर.

कागदांचं सांगते, आणि हे फक्त तुझ्यासाठी नाही. घरून लांब शिकणाऱ्या सगळ्यांनी वाचा. अर्ज 'सबमिट' झाला म्हणजे काम झालं असं नसतं. तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग समाजकल्याणच्या कार्यालयात. एका मुलाचा उत्पन्नाचा दाखला पुसट स्कॅन झाला होता, अर्ज परत पाठवला गेला. पोर्टलवर तसं लिहूनही आलं. त्यानं चार महिने लॉगिनच केलं नाही, कारण त्याच्या लेखी फॉर्म भरून झाला होता. आम्हीही त्याला फोन केला नाही. ते वर्ष त्याचं गेलं, आणि त्यातला निम्मा दोष माझ्या टेबलाचा होता. म्हणून दर पंधरा दिवसांनी लॉगिन करायचं. अर्जही दर वर्षी नव्यानं करायचा असतो, गेल्या वर्षीची मंजुरी आपोआप पुढे येत नाही.

ऊसतोडीच्या घरांचा आणखी एक घोळ असतो, तो शहरातल्या क्लार्कला कधी कळत नाही. आधारला जोडलेला मोबाइल वडिलांचा, वडील सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात. ओटीपी तिकडे जातो, इकडे पोरगी सायबर कॅफेत बसलेली, आणि ते कोयता ठेवून फोन खिशातून काढेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. आधारला स्वतःचा नंबर जोडून घे, शंभराच्या आत काम होतं. बँकेतही तोच दे, आणि खातं आधारशी 'सीड' झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, का ते विचारून ये. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, जिथे पालकांची सही किंवा अंगठा लागतो असे कागद, हे सगळं दसऱ्याच्या आत गावात करून ठेवायचं. एकदा टोळ्या गाडीत बसल्या की तलाठ्याला दाखवायला माणूस राहत नाही.

दुसऱ्या प्रवर्गातल्यांसाठी नावं सांगून ठेवते. आदिवासी मुलांना स्वाधारसारखीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. खुल्या प्रवर्गातल्या 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, आणि अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. जुलै 2024 च्या निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना 8 लाखांच्या मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यात जागा घेऊन मग रडत येणारे पालक मी पाहिलेत.

आता घरी पैसे पाठवण्याचं. बंद कर म्हटलं तर तू माझं पत्र इथेच मिटवशील, आणि मला तो अधिकारही नाही. 35,000 पाठवलेस त्यानं तुझ्या आईच्या पाठीवरचे काही दिवस कमी झाले असतील, ते कुणी वाया गेलं म्हणू नये. पण यापुढे एक भिंत घाल. शिष्यवृत्तीच्या खात्यातला रुपया घरी जाणार नाही. स्वतःच्या कमाईतला जमेल तेवढा जाईल, 500 जमले तर 500. खाती दोन ठेव म्हणजे हात आवरायला सोपं जातं. आणि धाकटा भाऊ आठवीत आहे म्हणतेस, त्याच्यासाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना बघ. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच ती काढलेली आहे. तुझ्या तालुक्यात वसतिगृह सुरू आहे का याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात कर. तो तिथे राहिला तर फडावर जायचा नाही. तुझ्या दोन हजारांपेक्षा घराला ते जास्त उपयोगी पडेल.

वडिलांना हे तूच सांगायचंस, आणि त्यांच्या भाषेत. "दादा, ही उचल नाही. हे मला रोज वर्गात बसायचे पैसे आहेत. मी गोदामात गेले की इकडे खाडा पडतो." त्यांना खाडा म्हणजे काय ते माझ्यापेक्षा आणि तुझ्या प्राध्यापकांपेक्षा चांगलं कळतं. दुपारी फोन करू नकोस, रात्री फडावरच्या कोपीत, त्यांच्या झोपडीत, जेवणं झाल्यावर कर. पहिल्या फोनला ते गप्प राहतील. रागावले असं समजू नकोस.

आणि रूममेट. सगळ्यांना सगळं सांगितलंच पाहिजे असं मला वाटत नाही. आपलं घर उघडून दाखवायची सक्ती कुणावर नसावी, आणि गरिबी सांगण्यात एक प्रकारचा मोठेपणा असतो असं जे हल्ली बोललं जातं तेही मला पटत नाही. पण तुझ्या पत्रातच आहे की शेजारच्या कॉटवरची मुलगी रात्री तुझं ताट झाकून ठेवते. तिला तरी सांग. परीक्षेच्या सकाळी तुला उठवायला कुणीतरी लागणार आहे, आणि तू रात्री अकरापर्यंत कुठे असतेस हे तिला माहीत असलेलं बरं.

पासबुकातली ती नोंद कशाची निघाली ते मला कळव. माझा अंदाज चुकला असेल तर अर्ज वेगळा लिहावा लागेल, तो आपण मिळून लिहू.